आपलीं सहलीचीं स्थळें कोणासाठीं निर्माण झालीं ?



पुष्कळ वर्षांपूर्वीं मी चौथीच्या मुलांना घेऊन मुंबईंतील राणीच्या बागेंत गेलों होतों. हत्ती पाहून झाला, मगर पाहून झाली, डबे उघडून पोळीभाजीही खाऊन झाली. परततांना फाटकाजवळ एक मुलगा थांबला व त्यानें मला विचारलें, "गुरुजी, ही बाग कोणाची ?" माझें सारें लक्ष गाडीच्या वेळेकडे होतें. "सरकारची," असें सांगून मीं त्याला रांगेंत उभें केलें. उत्तर चुकलें होतें. ती बाग महानगरपालिकेची होती, आणि त्यापूर्वीं ती वर्गणी जमवून बागा लावणाऱ्या एका मंडळाची होती. शिक्षकाच्या हातून झालेली चूक शिक्षकानेंच दुरुस्त करावयाची असते. आज आपल्या राज्यांतील बागा व सहलीचीं ठिकाणें या विषयावर बोलण्याची संधि मिळाली आहे. तेव्हां कोठें जावें व कोठें उतरावें हें सांगत न बसतां, मी त्या मुलाच्या प्रश्नाचेंच उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहें. कारण ज्या ठिकाणांना आपण आज सहज आपलीं म्हणतों, त्यांपैकीं बहुतेक दुसऱ्याच कोणासाठीं तरी निर्माण झालीं, आणि तीं आपल्या हातीं आलीं तीं एकदम आलीं नाहींत.

सहल ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. कार्तिकांत आवळीखालीं स्वयंपाक करून पंगती उठवाव्या, जत्रेच्या निमित्तानें डोंगर चढावा, पर्वणीला नदीवर जावें, अशी सामान्य माणसाची मोकळी हवा असे. तिला देवाचें निमित्त लागे, इतकेंच. बाग मात्र राजाची. छत्रपति संभाजीनगर येथें, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, बिबीच्या मकबऱ्याभोंवतीं सतराव्या शतकांत आखलेली चौरस बाग ही एका बेगमेच्या कबरीची शोभा होती. त्याच शहरांतील पाणचक्की ही बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांतली. दूरच्या डोंगरांतून नळानें आणलेल्या पाण्यावर तिचें जातें फिरे व यात्रेकरूंसाठीं पीठ निघे. आज लोक तेथें हौदाच्या कांठीं गारवा खावयास बसतात. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीच्या पायथ्याशीं तळें बांधविलें, आणि त्या तळ्यांतील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, १७८४ सालीं, गणपतीची स्थापना झाली. तें तळें आज उरलें नाहीं. त्याच्या जागीं सारसबाग आहे. परंतु जुने पुणेकर अजून 'तळ्यांतला गणपति' असेंच म्हणतात. पाणी आटलें तरी नांव ओलें राहिलें !

यानंतर इंग्रज आले, आणि डोंगराकडे पाहण्याची दृष्टि पालटली. आमच्या लोकांना महाबळेश्वर ठाऊक नव्हतें असें मुळींच नाहीं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पांच नद्यांच्या उगमाचें क्षेत्र म्हणून तें शेंकडों वर्षें पूज्य होतें. परंतु तेथें जाऊन नुसतें राहावें, कांहीं न करतां थंड हवा खावी, हा विचार क्षेत्राच्या कल्पनेंत बसणारा नव्हता. १८२४ सालीं साताऱ्यास असलेला लॉडविक नांवाचा लष्करी अधिकारी डोंगर चढून वर आला. पुढें १८२८ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं तेथें आजारी गोऱ्या सैनिकांसाठीं व अधिकाऱ्यांसाठीं आरोग्यधाम काढण्याचें मनावर घेतलें. डोंगर साताऱ्याच्या छत्रपति प्रतापसिंह महाराजांच्या राज्यांतला. १८२९ सालीं अदलाबदल ठरली : महाराजांनीं महाबळेश्वरची जागा द्यावी, व कंपनी सरकारनें त्यांस वाईच्या बाजूचें खंडाळा हें गांव द्यावें. (हें खंडाळा लोणावळ्याजवळचें नव्हे. माझ्या वर्गांत दरवर्षीं निदान पांच मुलें तरी तेथें चुकत.) नव्या वसाहतीस माल्कम पेठ असें नांव पडलें.

ही अदलाबदल कागदावर पाहिली तर दोन मित्रांमधील व्यवहारासारखी दिसते. पुढचा इतिहास माहीत असला म्हणजे मात्र तिच्याकडे तसें पाहवत नाहीं. दहा वर्षांनीं, १८३९ सालीं, त्याच प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनीं गादीवरून दूर केलें. त्यांच्यानंतर बसविलेले त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ सालीं वेण्णा तलाव बांधविला; ज्यांत आज नांवा फिरतात व ज्याच्या कांठीं मक्याचीं कणसें भाजलीं जातात तोच हा तलाव. आप्पासाहेब १८४८ सालीं वारले आणि सातारचें राज्यच खालसा झालें. तलाव राहिला. महाबळेश्वरला जाणाऱ्या हजारों कुटुंबांपैकीं किती जणांना ठाऊक असतें कीं, आपण एका बुडालेल्या राज्याच्या पाण्यावर वल्हें मारीत आहों ?

महाबळेश्वराच्या निर्मितींतील आणखी एक वर्ग तर पूर्णपणें विसरला गेला आहे. १८३४ पासून १८६४ पर्यंत तेथें एक तुरुंग होता, व त्यांत मुख्यतः समुद्रापलीकडून आणलेले चिनी व मलायी कैदी असत. या कैद्यांनीं तेथें बटाटे लावले, विलायती भाज्या पिकविल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. त्यांतील कांहीं जण सुटकेची मुभा मिळाल्यावरही तेथेंच भाजीचे मळे करून राहिले. आज महाबळेश्वराहून परत येतांना जो तो गाजरें, मुळे व स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन येतो. त्या डोंगरावरच्या विलायती भाजीपाल्याची पहिली मेहनत घराला पारखे झालेल्या या परदेशी कैद्यांची आहे. तेथील अनेक कड्यांना कोणा ना कोणा साहेबाचें नांव आहे—एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, फॉकलंड, कार्नॅक, आणि ज्याच्या नांवाचा स्तंभही उभा आहे तो लॉडविक. या कैद्यांच्या नांवाचा एखादा दगडही माझ्या पाहण्यांत आला नाहीं.

माथेरानची कथा याहून आटोपशीर आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० च्या मे महिन्यांत चौक गांवाकडून वर चढले, आणि त्यांनीं तेथें प्रथम घर बांधलें. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या आश्रयानें वसाहत वाढली. परंतु मुंबईच्या मध्यमवर्गाला माथेरान खरें खुलें केलें तें सर आदमजी पीरभाई यांच्या आगगाडीनें. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखालीं १९०४ सालीं काम सुरू झालें आणि १९०७ सालीं नेरळहून अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ती गाडी वर जाऊं लागली. कांहीं ठिकाणीं वळण इतकें अवघड आहे कीं, मागच्या डब्यांतील माणसाला आपल्याच गाडीचें इंजिन समोरून गेल्यासारखें दिसतें. २००५ च्या अतिवृष्टींत हा मार्ग वाहून गेला तो दुरुस्त होऊन २००७ सालीं पुन्हां सुरू झाला. पुढेंही पावसानें त्याला अनेकदां छळलें आहे.

माथेरानांत मोटारींना बंदी आहे, व त्याबद्दल आपण त्या गांवाचें कौतुक करतों. मीही केलें आहे. परंतु मोटारी नाहींत म्हणून जी शांतता आपण उपभोगीत होतों, तिची किंमत कोण देत होतें ? गेल्या शतकांत व या शतकांतही तेथें माणूस माणसाला हातरिक्षांत बसवून चढावरून ओढीत असे. एकदां माझ्या बरोबरच्या एका वृद्ध गृहस्थांना मीं अशा रिक्षांत बसविलें, आणि ओढणाऱ्या मनुष्याच्या पायांतील फाटक्या वहाणा पहात मागोमाग चाललों. त्याचें वय माझ्याहून कमी नसावें. मीं त्याला ठरल्याहून अधिक पैसे दिले, आणि पैसे दिल्यानें मला बरें वाटलें, याची लाज मला अजून वाटते. २०२२ च्या अखेरीस तेथें विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचें पुनर्वसन करावें, असा आदेश दिला. संविधान अंमलांत येऊन पंचाहत्तर वर्षें झाल्यावर ! उशीर झाला म्हणून आदेशाचें महत्त्व कमी होत नाहीं. परंतु इतकीं वर्षें आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांच्या तें डोळ्यांत कसें सललें नाहीं, हा प्रश्न राहतोच.

विदर्भांतील चिखलदरा हेंही अशाच एका लष्करी अधिकाऱ्याच्या, कॅप्टन रॉबिन्सनच्या, दृष्टीस १८२३ सालीं पडलेलें ठिकाण. गाविलगडचा किल्ला शेजारींच आहे, व भीमानें कीचकाला मारून तेथील दरींत टाकलें अशी लोककथा आहे. नागपूरची महाराजबाग नांवाप्रमाणेंच भोसल्यांची. ती पुढें इंग्रजी अमलांत गेली व आज कृषि विद्यापीठाकडे आहे. पुण्यास घोरपडीच्या बाजूची एम्प्रेस गार्डन राणी व्हिक्टोरियेच्या सम्राज्ञीपदाची आठवण सांगते. यांवर अधिक बोलण्यास वेळ नाहीं.

आतां राणीच्या बागेकडे वळतों.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईंत शेती व बागाइतीची आवड वाढविणारें एक मंडळ होतें : अॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी. तिची आधींची बाग शिवडीस होती. ती जागा पुढें युरोपियनांच्या दफनभूमीकडे गेली. भायखळ्यास नवी बाग व तिच्यालगत वस्तुसंग्रहालय उभारावें अशी चळवळ डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं केली. बाग १८६२ च्या नोव्हेंबरमध्यें गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते उघडली. संग्रहालयाचें काम मात्र रखडलें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, व त्या पैशावर शेअर्सचा बाजार फुगला होता. १८६५ सालीं युद्ध संपलें, बाजार कोसळला, आणि वर्गणीचे आंकडे घालणारे धनिक रातोरात भिकेला लागले. शेवटीं सरकारी साहाय्यानें इमारत पुरी होऊन १८७२ च्या मे महिन्याच्या २ तारखेस संग्रहालय लोकांना खुलें झालें. त्याच्या पुढच्याच वर्षीं बागेचा कारभार नगरपालिकेकडे आला. १९७५ सालीं या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजींचें नांव दिलें गेलें. बागेलाही पुढें वीरमाता जिजाबाईंचें नांव मिळालें. नांव राणीचें होतें, पण ती उभी राहिली ती मुंबईच्या शेटसावकारांच्या व डॉक्टरांच्या वर्गणींतून.

या बागेचा एक विशेष मला नेहमीं गंमतीचा वाटतो. शहरांत ज्यांना जागा उरली नाहीं तीं सर्व येथें येऊन राहतात. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून 'एलिफंटा' हें नांव पडलें तो दगडी हत्ती १८६४ सालीं विलायतेस नेण्याच्या खटपटींत फुटला. त्याचे तुकडे विसाव्या शतकाच्या आरंभीं सांधून तो येथें उभा केला. 'काळा घोडा' या चौकाचें नांव ज्याच्यामुळें पडलें तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं तेथून हलला व या बागेंत आला. राणी व्हिक्टोरियेचा पुतळाही येथेंच मागच्या बाजूस आहे. साम्राज्य गेलें तें राणीच्या बागेंत जाऊन बसलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं !

बाग लोकांना खुली झाली, म्हणजे कोणत्या लोकांना ? हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकानें टाळतां कामा नये. १९२३ च्या ऑगस्टमध्यें रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत ठराव संमत करून घेतला कीं, सरकारी पैशानें बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत. त्या यादींत बागेचें नांव नव्हतें. ज्याला तळ्याचें पाणी मिळत नव्हतें त्याच्या सहलीचा विचार कोण करणार ? महाडच्या नगरपालिकेनें ठरावानुसार चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. प्रत्यक्षांत त्यासाठीं १९२७ च्या मार्चच्या २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारों अनुयायांसह तळ्यावर जावें लागलें, आणि कोर्टांतील झगडा १९३७ पर्यंत चालला. पर्वतीचेंही तसेंच. ज्या टेकडीवर पुणेकर पहांटे फिरावयास जात, तिच्यावरील देवळांत सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९२९ च्या ऑक्टोबरमध्यें सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, राजभोज, काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी हीं मंडळी त्यांत होतीं. त्यांच्यावर दगडफेक झाली. दार उघडलें नाहीं. तीच टेकडी, त्याच पायऱ्या, परंतु एकाची ती सकाळची रपेट आणि दुसऱ्याचा सत्याग्रह.

या सर्वांचें उत्तर कायद्याच्या भाषेंत १९५० सालीं मिळालें. भारताच्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, सरकारी पैशानें चालणाऱ्या किंवा सार्वजनिक उपयोगासाठीं दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते व लोकांच्या वावराच्या जागा यांच्या उपयोगास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही अडवितां येणार नाहीं. बागा व मैदानें या 'वावराच्या जागां'त येतात. माझ्या त्या विद्यार्थ्याला मीं द्यावयाचें उत्तर खरोखर या एका वाक्यांत होतें; तें मला त्या वेळीं सुचलें नाहीं.

मुंबईच्या शिवाजी पार्कचा उल्लेख येथें केला पाहिजे. १९२५ सालीं नगरपालिकेनें माहीम भागांत हें मैदान राखलें, आणि १९२७ सालीं अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें. येथें राजाची बाग आधीं नव्हती, साहेबाचें आरोग्यधाम नव्हतें. नगरपालिकेनें लोकांसाठींच ती जागा मोकळी ठेवली. भोंवतीं बसण्याजोगा बुटका कठडा आहे. त्या कठड्यावर किती पेन्शनरांनीं राजकारणाचा निकाल लावला असेल, याची गणती नाहीं.

स्वातंत्र्यानंतर एक निराळाच प्रकार सुरू झाला. ज्या रानांत राजे शिकार करीत तीं रानें जनावरांसाठीं राखलीं गेलीं. चंद्रपूरकडील ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, कोल्हापूरच्या छत्रपतींचें दाजीपूरचें शिकारीचें रान गव्यांसाठीं राखलें गेलें, आणि मुंबईच्या उंबरठ्यावर बोरिवलीचें शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचें अरण्य वांचलें. त्याच्या पोटांत कान्हेरीचीं बौद्ध लेणीं व शहराला पाणी देणारे तुळशी व विहार हे तलाव आहेत. हीं रानें राखलीं हें फार मोठें काम झालें. परंतु ताडोबा हें नांवच मुळीं गोंडांच्या तारू या दैवताचें. वाघाशीं लढतां लढतां तो पडला अशी कथा आहे, व तळ्याच्या कांठीं त्याचें ठाणें आहे. रानांतील कांहीं गांवें वाघांसाठीं बाहेर नेलीं गेलीं. शहरांतील माणूस मोठें भाडें भरून उघड्या जीपमधून आंत जातो, आणि ज्याच्या देवाचें नांव त्या रानाला आहे तो बाहेर उभा असतो. वाघ राहिला पाहिजे हें मला मान्य आहे. पण या व्यवहारांत सर्व त्याग एकाच बाजूनें झाला, हेंही नमूद व्हावें.

शेवटीं तिकिटाची गोष्ट. राणीच्या बागेंत २०१६ सालीं पेंग्विन पक्षी आले व पुढच्या वर्षीं प्रवेशमूल्य वाढलें. पूर्वीं मोठ्या माणसाला ५ रुपये व मुलाला २ रुपये पडत. म्हणजे नवराबायको व दोन मुलें १४ रुपयांत आंत जात. त्यांच्यासाठीं नवा दर १०० रुपये ठरला. पेंग्विनांना थंडावा लागतो, त्याला पैसा लागतो, हें समजतें. आपल्यापैकीं बहुतेकांना १०० रुपये जड नाहींत. परंतु ज्या चाळींतून व झोपडीतून माझीं मुलें त्या सहलीला आलीं होतीं, तेथील बापानें रविवारीं चौघांचें तिकीट काढतांना खिशांत हात घातला म्हणजे काय होत असेल, तें मला कल्पितां येतें. त्यापूर्वीं, या शतकाच्या पहिल्या दशकांत, बागेचा कायापालट करण्याचा एक मोठा आराखडा आला होता. त्यांत जुनीं झाडें जातील या भयानें मुंबईच्या नागरिकांनीं, विशेषतः कांहीं भगिनींनीं, नेटानें विरोध केला. पेंग्विन पाहण्यास जाणाऱ्यांनीं या वांचलेल्या झाडांकडेही पहावें. तेथें आफ्रिकेहून आलेली गोरखचिंच आहे. पावसाच्या आरंभीं तिला मोठीं पांढरीं फुलें खालीं लोंबतात. माझ्या वर्गांतील मुलांनीं हातांत हात गुंफून तिचा बुंधा कवेंत घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हां सात मुलें लागलीं होतीं, आणि सातवा मुलगा प्रश्न विचारणारा तोच होता.